आधार कार्डावर नेपाळ होत नाही: विदर्भातल्या गावांतून लुंबिनी-काठमांडूला निघणाऱ्यांसाठी

नेपाळला व्हिसा लागत नाही, हे आता गावोगावी माहीत झालं आहे. घोळ तिथूनच सुरू होतो. व्हिसा नाही म्हणजे कागद नाही, नोटा आपल्याच चालतात, हिंदी समजते, पाट्याही देवनागरीत, मग तयारी ती कशाची? असं म्हणत पंचवीस-तीस माणसांचा जत्था निघतो आणि विमानतळावर तिघं अडकतात, एकाच्या पाचशेच्या नोटा कोणी घेत नाही, सगळ्यांचे फोन मुके होतात. नेपाळ आपल्यासारखा दिसतो खरा, पण तो परका देश आहे, आणि घोटाळा होतो तो या दिसण्यामुळेच.

आधी देशाची तोंडओळख. क्षेत्रफळ १,४७,५१६ चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या साधारण दीडपट. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या २ कोटी ९१ लाख. २००८ साली राजेशाही गेली, २०१५ साली सध्याची राज्यघटना आली. ७ प्रदेश, ७७ जिल्हे. दक्षिणेकडची सपाट पट्टी ती तराई. धानाचे बांध, उकाडा आणि डास, भंडारा-गोंदियाच्या माणसाला ती अनोळखी वाटणार नाही. लुंबिनी या तराईत आहे. काठमांडू डोंगरांच्या खोऱ्यात, सुमारे १,४०० मीटर उंचीवर, आपल्या चिखलदऱ्याहूनही वर. त्यामुळे एकाच प्रवासात एका ठिकाणी सुती कपडे आणि दुसऱ्या ठिकाणी स्वेटर लागतो.

कागदपत्रं

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी दोनच गोष्टी पक्क्या चालतात: मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. १५ ते ६५ वयाच्या माणसासाठी आधार कार्ड हे प्रवासाचं कागदपत्र नाही. सीमेवरच्या सोनौलीच्या गेटातून पायी जाणाऱ्यांना बरेचदा कोणी काही विचारत नाही, म्हणून ‘आधारावर जाऊन आलो’ सांगणारे गावात भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांची तपासणी झाली नाही, एवढंच. अशा माणसाने परतीचं विमान काठमांडूहून काढलं, की काउंटरवर मतदार कार्ड मागतात आणि आधार परत देतात.

१५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना सूट आहे. त्यांना वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कोणतंही कार्ड पुरतं: आधार, पॅन, लायसन, रेशनकार्ड. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. त्याचा नमुना ठरलेला आहे, साधं बोनाफाईड त्याऐवजी धरू नका. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना नातं दाखवणारं कार्ड चालू शकतं. जत्था मात्र कुटुंब नसतो. शेजारच्या काकू तुमच्या रेशनकार्डावर नाहीत.

खरी अडचण कार्ड नसण्याची नाही, कार्डाच्या दशेची आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मतदार कार्डं फिकी पडली आहेत, फोटो ओळखू येत नाही, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. निघायच्या दोन-तीन महिने आधी सगळ्यांची कार्डं एका टेबलावर मांडा. खराब किंवा चुकीचं असेल त्याने गावातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम पाहणाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन नमुना ८ भरावा. दुरुस्ती आणि बदली कार्ड दोन्ही त्याच अर्जावर होतं. तिकिटावरचं नाव कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणेच घ्या. प्रत्येकाच्या कार्डाच्या दोन झेरॉक्स आणि चार पासपोर्ट फोटो जत्थ्यातल्या एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा, मूळ कार्ड ज्याचं त्याच्या अंगावर.

कधी निघायचं

वातावरणाच्या हिशेबाने ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, पण तेव्हा सोयाबीनची काढणी, हरभऱ्याची पेरणी आणि कापसाची पहिली वेचणी एकदम अंगावर असते. कास्तकारासाठी फेब्रुवारीअखेर ते मार्च सोयीचा. हरभरा घरात आलेला असतो आणि तराईत अजून ऊन तापलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत तराईवर दाट धुकं बसतं. रेल्वे, बस, विमान सगळंच उशिरा धावतं. बुद्धपौर्णिमेला लुंबिनीत मोठी गर्दी आणि आपल्यासारखंच रणरणतं ऊन असतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या दिवसांत जाणं शहाणपणाचं नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमी करून तसंच पुढे लुंबिनीला जायचा बेत अनेकजण करतात. लक्षात ठेवा, तो नेपाळचा दशैं असतो. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत सगळा देश गावाकडे निघालेला असतो. बसमध्ये जागा नाही, कार्यालयं बंद. सहा-सात दिवस थांबून निघालात तर पुष्कळ सुसह्य.

जुलै-ऑगस्ट सरळ टाळा. डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये चितवन जिल्ह्यात सिमलताल इथे दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीकाठी कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली.

नागपूर ते सोनौली

दक्षिणेकडून, सिकंदराबाद आणि केरळच्या बाजूने येणाऱ्या काही गाड्या बल्लारशा-नागपूरवरून थेट गोरखपूरला जातात. चंद्रपूर, वरोरा, हिंगणघाटच्या लोकांनी नागपूरला येण्याआधी त्यातली कोणती आपल्याच स्टेशनवर थांबते ते पाहावं. प्रवास साधारण एक दिवस-रात्रीचा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि वीस-तीस जागा एकदम हव्या असतील तर त्याच सकाळी काढाव्या लागतात. स्वयंपाकाचं सामान सोबत नेणाऱ्यांनी सिलिंडर घरीच ठेवावा, रेल्वेत तो नेता येत नाही.

गोरखपूरला उतरल्यावर कुशीनगर आधी करून घ्या, ते पन्नासेक किलोमीटरवर आहे. स्टेशनबाहेर ‘काठमांडू डायरेक्ट’ म्हणून तिकीट विकणारे गाठतात. त्यांच्या नादी लागू नका. बहुतेकांना सीमेवर उतरून दुसरीच बस धरावी लागते आणि तिथे ते तिकीट कोणी ओळखत नाही. रोडवेजच्या बसने सोनौली गाठा, शंभरेक किलोमीटर, तीन तास धरा. रेल्वेनेच जायचं तर नौतनवा हे शेवटचं स्टेशन, तिथून सोनौली ऑटोने जवळ.

सोनौलीचं गेट ओलांडलं की पलीकडचं गाव बेलहिया. दिवसाउजेडी ओलांडा. मागणी झाली की कार्ड दाखवा, पिशवी उघडा. एवढ्यासाठी मध्ये कोणा ‘एजंटा’ची गरज नाही. ‘भन्सार’ म्हणजे तिथली कस्टम. घरच्या चिवड्याला, शिदोरीला कोणी हात लावत नाही, पण पोतंभर तांदूळ-कांदे नेलेत तर विचारणा होणारच.

स्वतःची गाडी असेल तर बेलहियाच्या भन्सार कार्यालयातून जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची पावती घ्यावी लागते. आरसी, लायसन, विमा, पीयूसी सगळं मूळ प्रतीत हवं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र जवळ ठेवा. इथे एक नेहमीची चूक होते. पैसे वाचवायला माणसं चारच दिवस लिहून घेतात, रस्त्यात एक दिवस जातो आणि परतताना दंड बसतो. एक दिवस जास्तीचा लिहा. पावतीवरची तारीख नेपाळी असते, तेव्हा काउंटरवरच शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख पेनाने लिहून घ्या.

घड्याळ, कॅलेंडर, फोन

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण सहाची बस आपल्या घड्याळात पावणेसहालाच सुटते.

सरकारी कामात विक्रम संवत चालतं, इसवी सनापेक्षा सुमारे ५७ वर्षं पुढे. वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. हे संवत सौर महिन्यांवर चालतं, तिथींवर नाही, म्हणून आपल्या पंचांगातल्या चैत्र-वैशाखाशी ते जुळवायला जाऊ नका. शनिवारी बँका आणि कार्यालयं बंद.

सीमेपासून थोडं आत गेलं की भारतीय सिमची रेंज तुटते. घर सोडण्यापूर्वी निदान एका-दोघांच्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. बाकीच्यांसाठी नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो लागतो. सिम दुकानातच सुरू करून, घरी एक फोन लावून पाहूनच पैसे द्या. चार्जरची पिन आपलीच बसते.

आयसी की एनसी?

पैशाच्या बाबतीत हा एकच प्रश्न दिवसातून दहादा विचारायचा. आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. दर १९९३ पासून बांधलेला आहे: १०० आयसी म्हणजे १६० एनसी. हॉटेलवाला ‘पंधराशे’ म्हणाला आणि तुम्ही विचारलं नाही, तर पंधराशे आयसी दिले जातील. खरा हिशेब ९३७ रुपयांचा होता. तोंडी हिशेब सोपा आहे: एनसीला ८ ने भागा, ५ ने गुणा. ८०० एनसी म्हणजे ५०० आयसी, एवढं पाठ ठेवलं तरी भागतं. दर ठरलेला असल्यामुळे बदलून देणाऱ्याशी भावावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तो थोडी दस्तुरी कापेल. नोटा मात्र तिथेच मोजा.

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पुढे नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या, तरी दुकानदार आणि रिक्षावाले मोठी नोट पाहून मान हलवतात. निघायच्या आठवड्यात बँकेत ताजा नियम विचारा, आणि काहीही उत्तर मिळालं तरी शंभराच्या नोटाच न्या. शंभराचं एक बंडल म्हणजे १० हजार. गावच्या शाखेत दोन-तीन बंडलं ऐनवेळी मिळत नाहीत, कॅशियरला चार दिवस आधी सांगून ठेवा. फाटक्या आणि पेनाने लिहिलेल्या नोटा घरीच काढून टाका.

मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या फोनपेच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआय चालू झालं आहे. हे नाव आपल्या नेहमीच्या अॅपसारखं ऐकू येतं, पण ती नेपाळची वेगळी कंपनी. त्यासाठी अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू केलेला हवा आणि नेट हवं. काठमांडूच्या दुकानात ठीक, लुंबिनीच्या सायकल रिक्षावाल्याकडे त्यावर विसंबू नका.

लुंबिनी

बेलहियाहून भैरहवा चारेक किलोमीटर, पुढे लुंबिनी पंचवीसच्या आत-बाहेर. लोकल बस स्वस्त, पण कोंबलेली. सहाजण असाल तर गाडी ठरवणं परवडतं.

बरेच जत्थे सकाळी येऊन बुद्धांच्या जन्मस्थानावरचं मायादेवी मंदिर पाहून दुपारी परत फिरतात. एवढ्या लांब येऊन हे चुकतं. लुंबिनी हे एक मंदिर नव्हे. जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या १९७८च्या आराखड्यावर आखलेला, जवळपास पाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद असा तो परिसर आहे. दक्षिण टोकाला जन्मस्थान, उत्तर टोकाकडे जपान्यांनी बांधलेला शांतिस्तूप, मध्ये सरळ कालवा. कालव्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान परंपरेचे. हे सगळं पायी होत नाही, ज्येष्ठांना तर मुळीच नाही. ई-रिक्षा ठरवताना पूर्ण फेरी, थांबण्याचा वेळ आणि आयसी की एनसी, तिन्ही गोष्टी बसण्याआधी बोलून घ्या. निदान एक मुक्काम करा. काही विहारांत राहण्या-जेवणाची साधी सोय दानावर होते, कोरियन विहार त्यासाठी जुना प्रसिद्ध आहे. तीसजणांनी न कळवता जाऊन उभं राहू नये.

जन्मस्थानाला तिकीट आहे. भारतीयांना सार्क देशांचा कमी दर लागतो, त्यासाठी कार्ड दाखवा. चप्पल बाहेर काढावी लागते, आणि उन्हाळ्यात फरशी तापते तेव्हा पिशवीत मोजे ठेवा. आत उत्खननातल्या विटांच्या पायाभोवती फळ्यांची वाट आहे आणि जन्मस्थळ दाखवणारा दगड काचेखाली. फोटो काढता येत नाही. रांग पुढे सरकत राहते, त्यामुळे काय पाहायचं ते आधीच सांगून ठेवावं, नाहीतर माणूस काच पाहून बाहेर येतो.

बाहेर अशोकस्तंभ. त्यावरचा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर आपण स्वतः इथे आलो, ‘हिद बुधे जाते सक्यमुनी’, म्हणजे इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, असं अशोक सांगतो. शेवटची ओळ कास्तकाराने मुद्दाम समजून घ्यावी: या गावाचा धार्मिक कर माफ आणि शेतसारा आठव्या हिश्श्यावर. जन्मस्थळाचा मान राखायला सम्राटाने गावाचा सारा कमी केला.

पुष्करिणीकाठच्या झाडाखाली श्रीलंका, थायलंड, म्यानमारचे जत्थे बसलेले असतात. त्रिशरण-पंचशील पालीत म्हटलं की त्यांना शब्द ओळखू येतात, काहीजण सूरही मिळवतात. माइक आणि स्पीकर मात्र काढू नका. खर्ऱ्याची पन्नी गेटाबाहेरच संपवा. परिसरात थुंकणं दिसलं की सगळ्या जत्थ्याकडे बोट जातं.

एक दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर तिलौराकोट आहे. नेपाळ त्याला शाक्यांची कपिलवस्तू मानतो. भारतात पिप्रहवाकडेही तसा दावा केला जातो. तो वाद तिथल्या चहाच्या टपरीवर काढायचा नाही.

पुढे काठमांडू

भैरहवा-बुटवल-नारायणगढ-मुग्लिंग-काठमांडू हा रस्ता कागदावर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात नऊ-दहा तास, वाईट दिवशी बारा. रात्रीची बस घेऊ नका. घाटात उलटी होणाऱ्यांनी गोळी सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. भैरहवाहून विमान अर्ध्या-पाऊण तासाचं आहे.

पशुपतिनाथच्या मुख्य मंदिरात हिंदूंनाच प्रवेश, तशी पाटी दारातच आहे. चामड्याचा पट्टा आणि पाकीट आत चालत नाही, तेव्हा त्या दिवशी कापडी पिशवी न्या. बाकीच्यांना बागमतीच्या पलीकडच्या काठावरून परिसर दिसतो. स्वयंभू स्तूपाला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी पश्चिमेच्या बाजूने गाडी वरपर्यंत न्यावी. माकडं हातातली पिशवी ओढतात. बौद्धनाथ स्तूपाला उजवी घालून फिरायचं, उलट दिशेने नाही.

कॅसिनोचे एजंट भारतीय गिऱ्हाईक हेरतात. तिथे नेपाळी नागरिकाला प्रवेश नाही, तुम्हाला आहे. काय ते समजून घ्या.

मुक्तिनाथ हा वेगळा विषय. उंची ३,७०० मीटरच्या वर. पोखऱ्याहून एका दिवसात वर चढवलं की डोकं दुखतं, दम लागतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि जोमसोमला एक रात्र काढूनच पुढे जावं.

खाणं-बोलणं

जेवण म्हणजे दाल-भात-तरकारी. भात पुन्हा वाढतात. तेल मोहरीचं, तिखट आपल्या मानाने फिकं. भाकर-पोळीची आशा धरू नका. घरचं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी न्या, जेवण सुसह्य होतं. मोमो घेताना आधी विचारा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस, ‘भेज’ म्हणजे शाकाहारी. गाय राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोहत्या गुन्हा. पाणी बाटलीचंच.

हिंदी सगळीकडे भागते, पण दोन-चार नेपाळी शब्दांनी काम गोड होतं. भाव विचारताना ‘कति पर्छ?’ म्हणा. हे आपलंच ‘किती पडेल?’ आहे. तातो पानी म्हणजे गरम पाणी, चिया म्हणजे चहा, पसल म्हणजे दुकान, खुद्रा म्हणजे सुट्टे, भोलि म्हणजे उद्या. पुरुषाला ‘दाइ’, बाईला ‘दिदी’. कोणाला ‘बहादूर’ म्हणून हाक मारू नका. आपल्याकडे चौकीदाराला सर्रास तसं म्हणतात, त्यांना ते लागतं. ‘नेपाळ म्हणजे आपलाच भाग’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी नको.

अडचण आली तर

पोलिस १००, आग १०१, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलिस ११४४. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौर भागात आहे. मतदार कार्ड हरवलं तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत आणि कार्डाची झेरॉक्स घेऊन दूतावास. झेरॉक्स आणि फोटो वेगळे ठेवायला सांगितलं ते यासाठी. सप्टेंबर २०२५च्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळ बंद पडला आणि प्रवासी अडकले. परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे आणि गरजेची औषधं आठवडाभर जास्तीची ठेवा, चिठ्ठीसकट.

गावच्या विहारासाठी बुद्धमूर्ती घ्यायची असेल तर काठमांडूला लागून असलेल्या पाटणचे धातूकारागीर नावाजलेले आहेत. पक्कं बिल घ्या. मूर्ती मोठी किंवा जुन्या घाटाची असेल तर ती पुरातन नाही असं पुरातत्त्व विभागाचं प्रमाणपत्र लागू शकतं, नाहीतर विमानतळावर ती अडते. दुकानदार ते काढून देतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि ही खरेदी शुक्रवारी संध्याकाळी करू नका. शनिवारी विभाग बंद.